जर्मनची शिकवणी आणि आपली जबाबदारी

परदेशी जाऊन पोट भरायचे तर परकी भाषा शिकावी लागते, हे गोमंतकीयांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या मागच्या पिढ्या बोटीवर खलाशी म्हणून, मुंबईत कारकून म्हणून, आफ्रिकेत आणि पुढे आखातात नोकरदार म्हणून गेल्या, त्यांना भाषेची किंमत पुरती ठाऊक आहे. ह्या मालिकेत आता जर्मन भाषेची भर पडली आहे. फरक एवढाच की, ही भाषा शिकण्यासाठी आता पुण्यास वा मुंबईस बिऱ्हाड करावे लागत नाही. पेडण्यातील वा काणकोणातील मुलगी स्वतःच्या घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर, शेकडो मैल दूर असलेल्या खाजगी शिक्षकाकडून जर्मनचे धडे घेऊ शकते. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांनी नाइलाजाने धरलेली ही वाट भाषांच्या शिकवणीपुरती तरी आता राजमार्ग झाली आहे. ह्या नव्या सोयीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु तिच्याभोवती जो बाजार मांडला जात आहे, त्याविषयी पालकांना आणि राज्यकर्त्यांना चार शब्द स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ही ओढ अकारण नाही. जर्मनीची लोकसंख्या वृद्ध होत चालली आहे आणि कामकरी हात कमी पडत आहेत. श्रमिकांची संख्या टिकवायची तर दरवर्षी सुमारे ४ लाख माणसे बाहेरून येऊन तेथे स्थायिक व्हावी लागतील, असा न्युर्नबर्ग येथील रोजगार संशोधन संस्थेचा अंदाज आहे. म्हणूनच त्या देशाने २०२० साली कुशल कामगारांसाठी नवा कायदा अमलात आणला आणि २०२३ साली तो आणखी सैल केला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीस आले, तेव्हा कुशल भारतीयांसाठी वर्षाला २० हजार असलेली व्हिसांची मर्यादा ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. दार उघडले आहे, हे खरे. पण त्या दाराच्या उंबरठ्यावर भाषेची परीक्षा बसलेली आहे, हेही तितकेच खरे.

युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. तेथे धंदेशिक्षणासाठी जाणाऱ्या तरुणाला साधारणतः बी-१ पर्यंत पोहोचावे लागते. परिचारिकेला मान्यताप्राप्त म्हणून काम करायचे तर बी-२ लागते, आणि डॉक्टरांना त्याखेरीज वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार विभाग असून प्रत्येकात शंभरांपैकी ६० गुण मिळवावे लागतात. एका विभागातील शहाणपण दुसऱ्यातील अज्ञानावर पांघरूण घालू शकत नाही. आजारी माणसाच्या उशाशी उभे राहून त्याची तक्रार समजून घ्यायची असेल, तर हा कडकपणा योग्यच म्हटला पाहिजे.

आता ह्या पायरीला वेळ किती लागतो ते पाहू. बी-२ पर्यंत जाण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असे गोएथे इन्स्टिट्यूटच सांगते. म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास झाले. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास शिकवणी घेतली, तर ९० ते १२० आठवडे हवेत. कोणी ‘तीन महिन्यांत बी-२’ अशी जाहिरात करीत असेल, तर त्याचा अर्थ कमीतकमी ४५० तास बारा आठवड्यांत उरकायचे, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस रोज सव्वासहा तास शिकायचे, आणि गृहपाठ त्याहून निराळा! असा विद्यार्थी लाखांत एखादा सापडेलही. परंतु जाहिरात लाखांतल्या एकासाठी छापली जात नाही. ती उरलेल्यांच्या खिशासाठी असते. केवळ खाजगी शिकवणीवरच विसंबायचे ठरवले आणि तासाचे ५०० रुपये धरले, तर किमान हिशेब सव्वादोन लाखांवर जातो. हा पैसा पुष्कळदा आईच्या दागिन्यांतून किंवा पतपेढीच्या कर्जातून येतो. शेवटी हातात प्रमाणपत्र न येता कर्जाचे हप्ते तेवढे उरले, तर त्या घराने दाद कोठे मागायची?

परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. भाषेच्या शिकवणीला असे कोणतेही बंधन नाही. प्रत्येक शिक्षकाला परवाना काढायला लावावा, असे आम्ही म्हणणार नाही. परवान्याने विद्या येत नाही, खेटे मात्र वाढतात. शिवाय ह्या शिक्षकांत मनापासून शिकवणारी, वर्षानुवर्षे त्या भाषेची उपासना केलेली माणसे आहेत. स्वतः जर्मनीत राहून, साडेतीन-साडेचार तासांचा फरक सांभाळून इकडच्या मुलांना शिकवणारेही आहेत. एकास एक शिकवणीचा गुण मोठा आहे. चाळीसजणांच्या वर्गात जी मुलगी सहा महिने तोंड उघडत नाही, तिला येथे पहिल्या दिवसापासून बोलावेच लागते. तिच्या चुका तिच्याच असतात आणि तेथल्या तेथे दुरुस्त होतात. म्हणून शिकवणी वाईट नव्हे. आंधळी शिकवणी वाईट.

पालकांनी ह्या बाबतीत बाजारात मासळी घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी करावी. शिक्षकाने स्वतः कोणती परीक्षा दिली आहे आणि तिचे प्रमाणपत्र कोठे आहे, हे विचारण्यात संकोच कसला? पहिला तास अजमावून पाहावा. त्या तासात शिक्षकच बोलत राहिला आणि विद्यार्थी माना डोलावीत राहिला, तर नमस्कार करून दुसरा शिक्षक शोधावा. वर्षाचे शुल्क एकरकमी भरू नये. महिन्याचे महिन्याला द्यावे आणि पावती घ्यावी. लेखनाच्या वह्या तपासून परत मिळतात की नाही, जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव होतो की नाही, ते पाहावे. उत्तीर्ण होण्याची ‘हमी’ देणाऱ्यापासून दूर राहावे, आणि जो भाषाही शिकवतो, नोकरीही देतो आणि व्हिसाही काढून देतो, त्याच्यापासून तर चार हात दूर राहावे. ज्यांची ऐपत बेताची आहे, त्यांनी पाया वर्गात पक्का करून संभाषण आणि लेखन ह्यांपुरतीच शिकवणी ठेवली, तर निम्म्याहून अधिक खर्च वाचेल.

ह्या सर्वांहून महत्त्वाचा एक मुद्दा आहे आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. आपली मुले जर्मन शिकतात ती बहुधा इंग्रजीच्या आधाराने. हा उलटा घास आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती एक आपत्ती वाटते. मराठी वा कोकणी बोलणाऱ्या मुलाला तीन लिंगे जन्मापासून अवगत असतात. जर्मन भाषेत मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी कसा, ह्याचे इंग्रजांना नवल वाटते. ‘ते लेकरू’, ‘ते कोकरू’ म्हणणाऱ्या आपल्याला का वाटावे? लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, हे जर्मनचे सूत्र आपल्या कानाला परके नाही. इंग्रजीत आधी वीस आणि मग एक येतो. जर्मन माणूस आपल्यासारखाच आधी एक आणि मग वीस म्हणतो. आपले पंचेचाळीस आणि त्यांचे ‘फ्युन्फउंडफीर्त्सिश’ एकाच साच्यातले आहेत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची जर्मन रीत इंग्रजीतून अवघड वाटते. आपण तर क्रियापद शेवटी ठेवूनच आयुष्यभर बोलतो. परक्याला अहोजाहो आणि जवळच्याला अरेतुरे, हा भेदही तेथे आहे. विभक्तीची कल्पना आपल्याला शाळेत शिकवलेली असते. तिकडे ती बहुतांशी नामाऐवजी त्यामागच्या उपपदावर दिसते, एवढेच नवे शिकायचे. उपपदे पाठ करण्याचे कष्ट कोणालाच चुकत नाहीत, आणि सूर्य तेथे स्त्रीलिंगी आहे हेही घोकावेच लागते. पण मातृभाषेचे व्याकरण ज्याला नीट येते, त्याची निम्मी चढण आधीच चढून झालेली असते. दुर्दैव असे की, ‘पंचेचाळीस म्हणजे किती?’ असे विचारणारी पिढी आपण मोठ्या अभिमानाने घडवीत आहोत. मराठी पक्की नसलेल्या मुलाला जर्मन शिकवणे म्हणजे पायाखालची पायरी काढून घेऊन वरची चढायला सांगणे होय.

परकी भाषा शिकणे म्हणजे आपल्या भाषेशी द्रोह, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सविनय कायदेभंगाची ठिणगी टाकली, ते डॉ. राममनोहर लोहिया बर्लिन विद्यापीठाचे पदवीधर होते. तेथे त्यांना आधी जर्मन शिकावी लागली, आणि मिठावरील करासंबंधीच्या प्रबंधासाठी १९३३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ज्यांच्या असोळण्याच्या घरी ते उतरले होते, त्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याशी त्यांची मैत्री जमली तीही बर्लिनमध्येच. म्हणजे गोव्याच्या मुक्तिलढ्याचा एक धागा एका जर्मन शहरातून आलेला आहे. हेच लोहिया पुढे इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध उभे राहिले. ह्यात विसंगती नाही. स्वेच्छेने शिकलेली भाषा माणसाला मोठे करते. आपली भाषा बाजूस सारून डोक्यावर बसलेली भाषा त्याला खुजे करते. उलट बाजूचे उदाहरण ग्युंथर सोन्थायमर यांचे आहे. ह्या जर्मन पंडिताने मराठी शिकून, धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर हिंडून बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा ह्या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना मराठीतून नोकरी मिळवायची नव्हती. माणसे समजून घ्यायची होती. आपल्या मुलांनीही जर्मनला केवळ विमानाचे तिकीट समजू नये. ज्या समाजात आयुष्य काढायचे, त्याच्या सुखदुःखाची भाषा चार उत्तरे पाठ करून येत नाही.

आता सरकारकडे वळू. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी करार केला आणि निवडलेल्या परिचारिकांच्या भाषाशिक्षणाचा भार उमेदवारांवर पडू दिला नाही. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्या करारांची अंमलबजावणी कितपत होते हा वेगळा विषय. पण निदान राज्याने हात पुढे केला. गोव्यात बांबोळीला परिचर्या शिक्षणाची जुनी संस्था आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, अनिवासी गोमंतकीयांच्या व्यवहारांसाठी स्वतंत्र आयुक्त आहे. ह्या संस्थांतून संध्याकाळचे जर्मन वर्ग माफक शुल्कात चालवणे, परीक्षेचे शुल्क गरजू उमेदवारास कर्जाऊ देणे, आणि शिक्षकांची ऐच्छिक नोंद ठेवून त्यांची पात्रता सर्वांना पाहता येईल अशी व्यवस्था करणे, ह्यांत अशक्य असे काय आहे? मराठी आणि कोकणीतून जर्मन व्याकरणाचे एक चांगले पाठ्यपुस्तक तयार करवून घेतले, तर ते काम कोणत्याही उद्घाटन समारंभापेक्षा अधिक टिकेल.

आमची मुले शिकून बाहेर गेली तर आमच्या रुग्णालयांत कोण राहणार, असा प्रश्न काहीजण करतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर भाषेच्या वर्गाला कुलूप लावणे हे नव्हे. येथील खाजगी रुग्णालयांनी परिचारिकेला मानाने जगता येईल असे वेतन दिले आणि सरकारने रिक्त जागा वेळच्या वेळी भरल्या, तर जाणाऱ्यांपैकी पुष्कळजणी दोनदा विचार करतील. ज्या तरीही जातील, त्यांना फसवणुकीच्या वाटेने जाऊ देण्यात राज्याचे कोणते हित साधते? घर सोडून जाणाऱ्या मुलीच्या पदरी खरी विद्या बांधून देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी सरकारने त्याची सुरुवात करावी.