दाराशी तोतया

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यावर कडक पहारा असतो, याचे नवल कोणाला वाटत नाही. मग तीच नोट बँकेत जमा होऊन केवळ आकडा झाली, की तिच्या पहाऱ्याविषयी आपण इतके उदासीन का?

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यांतील बहुतेक एटीएमच्या वाटेने. तिजोरी फोडावी लागली नाही. एटीएम आणि बँकेची खातेवही यांच्यामध्ये चोरट्यांनी एक तोतया मध्यस्थ बसविला. देशोदेशींची यंत्रे ‘पैसे देऊ काय?’ असे विचारीत आणि तो खातेवहीला न विचारताच होकार देई. पानिपतानंतर पुण्याने सदाशिवरावभाऊंचा तोतया पाहिला होता. हा कोणाच्या दृष्टीसही पडला नाही!

आमच्या शहरातील सहकारी बँकांच्या संचालकांनी मोबाइल, यूपीआय, एटीएम यांना खातेवहीशी जोडणारा ‘गेटवे’ निवडताना दरपत्रक जरा बाजूस ठेवावे. प्रत्येक मागणी कोठून आली याची खातरजमा हे द्वार करते काय, त्याच्या किल्ल्या बँकेकडे राहतात की विक्रेत्याकडे, हे तर विचारावेच. परंतु खातेवहीशी संपर्क तुटला असता ते बंद होते की उघडेच राहते, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, संचालकांनी स्वतःसमक्ष तो संपर्क तोडवून घ्यावे. आणि तेही खरेदीपूर्वी.