स्टेशन रम्य, गाडी गम्य नाही!

आमच्या आगरदांड्याला रेल्वे नाही, म्हणूनच रेल्वेवर बोलायचा आम्हांला पूर्ण अधिकार आहे.

रेल्वेवेड्यांच्या दोन जाती. एक गाडीसाठी स्टेशनावर जाते, दुसरी स्टेशनासाठी गाडीत बसते. आमचं भांडण दुसरीशी. हे लोक पावसाळ्यात उक्षीला जातात. बोगदा, धबधबा, हिरवे डोंगर बघतात आणि सुस्कारतात, ‘काय शांतता! चिटपाखरू नाही!’ अहो, मोठ्या गाड्या तिथं थांबतच नाहीत, तर उतरणार कोण? चिटपाखरू? गिऱ्हाईक नसलेल्या शाखेला आमच्या साहेबांनी कधी ‘निसर्गरम्य’ म्हटलं नाही. कुलूप कधी लावायचं तेवढं विचारलं.

१९९८ साली रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे पुरी झाली. जमिनी गावांच्या, गाड्या पुढच्यांच्या! वीरच्या पुढे मार्ग बहुतेक एकेरी. म्हणजे पॅसेंजरनं बाजूला उभं राहायचं आणि एक्सप्रेसनं दिमाखात जायचं. हौशी म्हणतो, ‘वा, क्रॉसिंग!’ आतल्या बाईच्या मांडीवरचं पोर रडतंय, त्याचा फोटो नाही.

या मंडळींना एकदा आगरदांड्याच्या धक्क्यावर उभं करावं. रूळ नाहीत, सिग्नल नाही. गाडी धरायची तर रोहा गाठायचं. पण दिघीहून खाडी ओलांडून फेरीबोट येते; माणसं, मोटारसायकली, मोटारी उतरतात, तितक्याच चढतात. आमच्या मते रायगड जिल्ह्यातलं सर्वांत सुंदर स्टेशन हेच.

कारण इथं जे येतं, ते थांबतं!