पानशेत : मोडलेल्या नियमाचा धोका कोणी पत्करायचा?

१/७ नेतृत्वाने सुरक्षेचा नियम कधीच मोडू नये, असे मी म्हणणार नाही. पण मोडलेल्या नियमाचा धोका कोणाच्या माथी येतो, हे आधी पाहावे. या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे पानशेतच्या एकाच धरणावर मिळतात. #थ्रेड #इतिहास

२/७ साल १९६१. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण अजून पूर्ण व्हायचे होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम अपुरे होते. तरीही त्याच पावसाळ्यात पाणी साठवले गेले. पाण्याची गरज खरी होती, पण ती एक पावसाळा थांबू शकत होती.

३/७ जुलैत पाणी झपाट्याने चढले आणि मोरीवरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्या खचत्या बांधावर उभे राहून वाळूची पोती रचत होते. सुरक्षेच्या कोणत्याही नियमाने तिथे पाऊल ठेवू दिले नसते. धरण वाचले नाही, पण रात्र निभावली. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले आणि त्याच दिवशी खडकवासलाही. पुण्यावर पूर आला तो दिवसाउजेडी, म्हणून असंख्य जीव वाचले.

४/७ जवानांनी धोका स्वतःच्या अंगावर घेतला. अपुऱ्या धरणात पाणी साठवण्याचा धोका मात्र नदीकाठच्या पेठांवर पडला. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि पुरेशी पूर्वसूचनाही मिळाली नाही.

५/७ याआधीचे एक उदाहरण पाहा. मुंबईत प्लेग थैमान घालत असताना वाट पाहणे हाच मोठा धोका होता. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना देऊ केली.

६/७ पानशेतच्या चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर आयोग नेमला गेला आणि त्यांच्या निधनानंतर न्या. नाईक आयोग. निर्णयाचा धनी दुर्घटनेनंतर शोधावा लागत असेल, तर जबाबदारी कोणी घेतलीच नव्हती, असेच म्हणावे लागते. नंतर दिलेल्या राजीनाम्याने वाहून गेलेले घर परत येत नाही.

७/७ म्हणून माझे मत असे : थांबण्याने अधिक जीव जाणार असतील, धोका ज्यांच्यावर येणार त्यांना तो सांगितला असेल आणि निर्णयाखाली आधीच कोणाची तरी सही असेल, तरच नियम मोडावा. अलीकडच्या वर्षांत पनवेलच्या परिसरात विमानतळ, रेल्वेमार्ग आणि बोगदे यांची कामे झाली आहेत. उद्घाटनाची तारीख गाठणे हे यांपैकी कोणत्याही अटीत बसत नाही.