एक मास्तर, दोन वर्ग आणि आपलं रान

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली वाघीण चांदोलीत आणली, तेव्हा आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्या मंडळींत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आनंद मलाही झाला. पण मास्तरकीची सवय! मी विचारलं, "तिकडे वर्गावर शिक्षक आहेत का पुरेसे?" सगळे हसले.

हसा, पण ऐका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बफर धरून साधारण ११६५ चौरस किलोमीटर. जंगल नियतक्षेत्रांत वाटलेलं असतं, एकेका क्षेत्राला एकेक वनरक्षक. पद रिकामं झालं की शेजारच्याकडे 'अतिरिक्त कार्यभार'. हा शब्द मला चांगला ठाऊक आहे! दोन वर्ग एका वेळी मी सांभाळलेत. चौथीला शुद्धलेखन घालावं तर तिसरीत मारामारी. कागदावर मात्र दोन्ही वर्गांना शिक्षक हजर.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पाच्या आराखड्यात कर्मचारी नेमणुकीची योजना राज्यांवर बंधनकारक केली. छान. पण किती पदं रिकामी चालतील, याची मर्यादा त्यात नाही. उलट २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. कलम २६ म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. कलम २७ तर जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपूच नका म्हणतं. मग वनरक्षकानेच काय घोडं मारलंय?

"कायद्याने का पदं भरतात, गुरुजी? शाळांत तरी कुठे भरली?" असं आमचे एक स्नेही म्हणतात. खरं आहे. पण पालकाला कलमावर बोट ठेवून भांडता तरी येतं. रानाच्या बाजूने भांडणाऱ्याच्या हातात तेवढंही नाही.

आणि काम काही साधं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. अशा कामाला दोन क्षेत्रांच्या ओझ्याने दमलेला माणूस पाठवायचा?

तेव्हा वन्यजीव कायद्यातही १० टक्क्यांची अट घाला, आणि अतिरिक्त कार्यभार तीन महिन्यांच्या वर नको. असं पत्र आमच्या आमदारांना आणि खासदारांना लिहिलंय. उत्तर आलं तर इथे टाकीनच.