गिटारवाला अमान्सियो

धाकट्याने गिटार मागितली तेव्हा आम्ही त्याला फटकारलेच, "हे श्रीमंतांचे चोचले! आधी परीक्षा बघ." आमच्या शिरपुरात वाद्य म्हणजे वरातीचा बँड, नाहीतर गायन पार्टीचा बेंजो. मग अमान्सियो डिसिल्वा यांच्याविषयी वाचण्यात आले.

१९३६ साली मुंबईत, गोवेकर कुटुंबात जन्म. गिटारवर वाजवीत जाझ, म्हणजे अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या वंशजांनी घडविलेले संगीत. १९६७ साली हे गृहस्थ लंडनला गेले. १९६९ मध्ये जमैकाचे कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक ज्यो हॅरियट यांच्याबरोबर ध्वनिमुद्रिका काढली. नाव चक्क 'हम दोनो'! गोऱ्यांच्या राजधानीत असे नाव ठेवायला छाती लागते.

पुढे 'कोकण डान्स' नावाचे काम मुद्रित झाले, पण बाजारात आलेच नाही. डिसिल्वा लंडनच्या जेनाको कला केंद्रात शिकवू लागले. १९९६ साली ते वारले आणि 'कोकण डान्स' निघाले २००६ साली! शिष्यांना मात्र दहा वर्षे थांबावे लागले नाही. त्यांना विद्या समोर बसून मिळाली होती.

जुनी गिटार कितीला पडते, याची चौकशी आम्ही धुळ्याला केली आहे. धाकट्याला अजून सांगितलेले नाही.