कार शेडचं वर्कशॉप करताय? मग भिंती सगळ्यात शेवटी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरासमोरच्या तयार लोखंडी कार शेडचं माप कसं घ्यायचं ते बघितलं. त्यात एक गोष्ट वेळेअभावी नीट बोलता आली नाही, ती इथे लिहितो. थोडं स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका.

गेल्या महिन्यात सांगली भागातल्या एका काकांचा फोन आला. स्वतः रिटायर झालेत. मुलगा आयटीआय फिटर, कंपनीतलं कंत्राट संपल्यामुळे घरी आहे. घरासमोर दहा बाय अठरा फुटांची शेड उभी आहे, वर पत्रा आणि बाजूंनी मोकळी. ती बंद करून मुलाला तिथे ग्रिल, स्टँड, छोटी लोखंडी टेबलं बनवायचा धंदा सुरू करून द्यायचाय. फंडातले दीड लाख त्यासाठी बाजूला काढलेत. आणि मला विचारलेला प्रश्न एकच : "सर, बाजूंना पत्रा कुठला लावू? साधा की रंगीत?"

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा प्रश्न हाच असतो. माझं मत असं आहे की हा प्रश्न शेवटचा आहे, आणि तो पहिला विचारला की पैसे वाया जातात. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझी स्वतःची पहिली शेड मी अशीच घाईत बंद केली होती. फॅब्रिकेटर म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. दिली पण. जूनमध्ये आत चार बोटं पाणी, मेमध्ये दुपारी आत पाय ठेवता येत नाही अशी अवस्था. शेवटी अर्धा पत्रा काढून पुन्हा काम करावं लागलं. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले.

आधी वाऱ्याचा हिशेब

कार शेड ही मुळात छत्री आहे. चार खांब, वर पत्रा. वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. बनवणाऱ्यानेही तेवढाच विचार करून पाइप आणि बोल्ट वापरलेले असतात. तुम्ही बाजूंना पत्रा ठोकला की त्या छत्रीचं शीड होतं.

आकड्यात सांगतो. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस 875 भाग 3 हे मानक आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. दाबाचं साधं सूत्र म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. 39 ने काढलं तर चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेआठ किलो. आता अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी एक बाजू धरा. 144 चौरस फूट झाले. त्या एका बाजूवर ढोबळमानाने सव्वा टनाचा धक्का! इंजिनिअर याच्यात अजून गुणक लावतील, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण चार इंच कोब्यात ठोकलेले चार-चार बोल्ट हा धक्का पेलतील का, हा विचार तुम्हीच करा.

यात एक गोम आहे. बरेच जण म्हणतात, "सर, आत्ता तीन बाजू बंद करतो, शटरचं नंतर बघू." हे सगळ्यात धोक्याचं. तीन बाजू बंद आणि समोर मोकळं असलं की वारा आत शिरतो आणि अडकतो. मग आतून तो छपराला वर ढकलतो आणि बाहेरून वरचा वारा ते ओढतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरांचे पत्रे कसे उडाले ते कोकणातल्या मित्रांना सांगायला नको. धंदा टप्प्याटप्प्याने वाढवा असं मी नेहमी सांगतो, पण भिंती टप्प्याटप्प्याने लावू नका. लावायच्या तर चारही बाजू आणि शटर एका दमात. वादळाची चिन्हं दिसली की शटर खाली ओढायचं, ही सवय मुलांनाही लावा.

म्हणून पहिलं काम काय? एका खांबाच्या शेजारी उकरून बघा. खाली काँक्रीटचं फूटिंग किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा. नसेल तर आधी ते करा. खांबांच्या मध्ये तिरपे अँगल मारून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवून दाखवा. त्याची फी जड वाटते, पण पत्रा शेजाऱ्याच्या गाडीवर पडला तर त्याची भरपाई त्याहून जड पडते.

मग जमीन, मग छप्पर

कार शेडची जमीन रस्त्याकडे उताराची असते, कारण गाडी धुतलेलं पाणी बाहेर जायला हवं. शिवाय बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक. त्यावर मशीन ठेवलं की हलतं, आणि भिंत घातली की पावसाचं पाणी ब्लॉकच्या फटींतून आत येतं. जमीन सपाट करून कोबा घाला, कडेने सहा इंचांचा कट्टा घ्या. ऐपत असेल तर तीन फूट वीटकाम किंवा सिपोरेक्स आणि त्यावर पत्रा. यात पत्र्याचा खालचा काठ कायम ओला राहत नाही, त्यामुळे गंज कमी लागतो. छपराचं पाणी पन्हळ लावून बाजूला काढा. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडायला लागल्या की आतली ओल थांबतच नाही.

छपराचं सांगायचं तर उघड्या शेडमध्ये उन्हाळा सहन होतो कारण वारा खेळतो. बाजू बंद झाल्या की त्याच शेडची भट्टी होते. नागपूर-चंद्रपूरकडच्या लोकांनी तर याचा विचार आधी करावा. छपराखाली इन्सुलेशन शीट, वर टर्बो व्हेंटिलेटर, आणि समोरासमोरच्या भिंतींत एकीकडे खाली व एकीकडे वर झरोके. थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि ते टपटप हत्यारांवर पडतं. इन्सुलेशन असलं की हेही बरंच कमी होतं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. शेडची एक बाजू घराचीच भिंत असते आणि त्या भिंतीत खिडकी असते. कधी स्वयंपाकघराची, कधी आईवडिलांच्या खोलीची. शेड बंद झाली की ती खिडकी वर्कशॉपमध्ये उघडते. उजेड गेला, हवा गेली, आणि थिनरचा वास व वेल्डिंगचा धूर थेट घरात. धंदा घराला जगवण्यासाठी काढतोय ना आपण? मग घरच्यांचा श्वास कोंडून कसं चालेल? त्या खिडकीसमोरचा भाग मोकळा सोडा, नाहीतर धुराचं काम तिथे करूच नका.

वीज आणि कागद

लोखंडी शेडमध्ये वायर सोलली गेली तर पूर्ण शेडमध्ये करंट उतरू शकतो. त्यामुळे घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून मशीन चालवायचं नाही. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि शेडच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग. यात काटकसर नको.

दुसरं, मीटर. घरगुती मीटरवर धंद्याची मशीन चालवणं हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसं ठरलं तर लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. तुमच्या कामाला कुठला दर लागतो ते आधी वीज कंपनीच्या उपविभागात जाऊन विचारा. लेखी विचारा.

तिसरं, परवानगी. मंजूर नकाशात ती जागा पार्किंग किंवा सामासिक अंतर म्हणून दाखवलेली असते. ती बंद करणं म्हणजे बांधकाम, आणि त्याला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 खाली परवानगी लागते. नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत, जिथे असाल तिथे आर्किटेक्टला घेऊन आधी विचारा. रो-हाउस असेल तर सोसायटीची संमतीही घ्या. "सगळेच करतात" हे नोटिशीला उत्तर होत नाही. आणि गाडी कुठे लावणार हेही ठरवा. ती रस्त्यावर शेजाऱ्याच्या दारात गेली की पहिली तक्रार तिथूनच येते.

आवाजाचंही तसंच. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा 2000 च्या नियमांत दिलेली आहे. ग्राइंडर त्याच्या कितीतरी वर जातो आणि नुसत्या पत्र्याच्या खोलीत तो अजून घुमतो. शेजाऱ्यांशी काम सुरू करण्याआधी बोला, वेळ ठरवून घ्या, दुपारची झोप सांभाळा.

"पण सर, चोरी होते, पाऊस येतो..."

मला माहितीये तुम्ही हेच म्हणणार. उघड्यावर धंदा कसा करायचा? तर चाकांचं लोखंडी कपाट घ्या, हत्यारं रात्री घरात ढकला. टेबलाला चाकं लावा. पावसाच्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा लावा, वारा सुटला की गुंडाळून ठेवा. असं तीन महिने काम करा. त्यात एक तरी आठवडा पावसाचा येऊ द्या.

या तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या कामाला मुळात भिंती लागतात का. शिवणकाम, बॅगा, इलेक्ट्रॉनिक रिपेअरिंग, पॅकिंग, यांना लागतात, कारण धूळ चालत नाही. वेल्डिंगला उलट मोकळी हवाच बरी, तिथे फक्त ठिणग्या आणि डोळ्यांवर येणारा झगझगाट अडवणारा आडोसा पुरतो. काकांच्या मुलाचं काम हे दुसऱ्या प्रकारचं. म्हणजे ज्या पत्र्यासाठी दीड लाख काढले होते, त्यातला बराचसा त्याला लागणारच नव्हता.

शेडला भाडं द्या

आता धंद्याचं बोलू. "घरचीच जागा आहे, फुकट आहे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. फुकट काही नसतं. समजा शेड नीट बंद करायला दीड लाख लागले आणि तुमच्या गावात तेवढाच गाळा महिना सात हजाराने मिळतो. तर पहिल्या महिन्यापासून धंद्याने घराला पाच हजार भाडं द्यायचं. खरोखर, खात्यातून खात्यात. 30 महिन्यांत दीड लाख परत येतील. आकडे तुमच्या गावचे घाला, पद्धत हीच ठेवा.

हे भाडं तुमच्या मालाच्या किमतीत बसत नसेल तर तो धंदा अजून भिंती लावण्याइतका मोठा झालेला नाही. त्या दीड लाखातून चांगलं मशीन घ्या, कच्चा माल घ्या, दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. मुलगा गिऱ्हाईक मिळवायला शिकला तर शेड केव्हाही बंद करता येईल. पैसे पत्र्यात अडकले आणि गिऱ्हाईकच आलं नाही, तर तुमच्याकडे एक महागडी अडगळीची खोली राहील आणि गाडी पावसात उभी असेल.

काही जण म्हणतील, सर, तुम्ही घाबरवता. अजिबात नाही. घरच्या शेडमधून उभे राहिलेले धंदे मी बघितलेत आणि गाळ्याच्या भाड्याखाली दबलेली पोरंही बघितलीत. घरचं वर्कशॉप ही फार चांगली सुरुवात आहे. म्हणूनच तिची सुरुवात चुकू नये असं वाटतं.

तर क्रम वहीत लिहून घ्या : परवानगी, पाया आणि तिरपे अँगल, जमीन, वीज, छपराची उष्णता, तीन महिने प्रत्यक्ष काम, आणि मग भिंती.

काकांना मी एवढंच सांगितलं की पत्र्याचं कोटेशन थांबवा आणि आधी खांबाशेजारी उकरून बघा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. बोल्ट नुसते पेव्हर ब्लॉकखालच्या तीन इंच काँक्रीटमध्ये होते. आता त्यांनी फूटिंगचं काम काढलंय, मुलगा उघड्या शेडमध्येच काम करतोय आणि पहिल्या दोन टेबलांची ऑर्डर गल्लीतूनच मिळालीये. उरलेले पैसे अजून बँकेत आहेत.

तुमच्या शेडचे खांब कशात उभे आहेत ते या रविवारी बघून घ्या. पुढच्या आठवड्यात टेबलाची किंमत कशी काढायची ते बघू. भेटूया!