संगणकाशी गट्टी : दुभाषा चुकीचा आला तर?



कुपवाडहून नववीतल्या एका वाचकमित्राचं चार पानी पत्र आलंय. त्याचे बाबा एमआयडीसीत कामाला आहेत. एका कचेरीनं जुने संगणक विकायला काढले, त्यातला एक त्यांनी घरी आणला. विंडोज नव्यानं घातली. आत एनव्हिडिया कंपनीचं 'जीटी ७३०' नावाचं ग्राफिक्स कार्ड आहे. पण पडद्यावरची अक्षरं लिंबाएवढी दिसतात, चित्रं फिसकटलेली. कार्डाचा ड्रायव्हर घालायला गेलं, की 'जुळणारं ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते आणि सगळं ठप्प. ताई डिप्लोमाला आहे, तिची ड्रॉइंगची कामं अडलीत. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "कार्ड गेलंय, नवीन घ्या." बाबा पुढच्या पगारावर घेऊ म्हणालेत. आणि पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : कार्ड खरंच गेलंय का?

कार्ड न बघता इथून छातीठोक सांगता येणार नाही. पण ही लक्षणं गेलेल्या कार्डाची कमी आणि चुकीच्या ड्रायव्हरची जास्त वाटतात. तेव्हा पगार होईपर्यंतचे दिवस तपासाला वापरूया. पैसे लागणार नाहीत.

आधी सांगा, ड्रायव्हर म्हणजे कोण? गाडी चालवणारा नव्हे बरं का! तो असतो दुभाषा. मिरजेच्या बाजारात कर्नाटकातून आलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. समोरचा फक्त कन्नड बोलतो, दुकानदाराला फक्त मराठी येतं, मग दोन्ही भाषा येणारा कुणीतरी मध्ये उभा राहतो आणि व्यवहार होतो. तसंच इथं. विंडोजची भाषा वेगळी, कार्डाची वेगळी. 'इथं लाल ठिपका काढ' हा विंडोजचा निरोप कार्डाला कळेल असा करून सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो नसला तर विंडोज स्वतःजवळचा एक कामचलाऊ दुभाषा पुढे करते. त्याचं नाव 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर'. त्याला चारच शब्द येतात, म्हणून अक्षरं लिंबाएवढी! याचा अर्थ पडदा दिसतोय, म्हणजे काहीतरी बोलणं चाललंय.

आता गंमत ऐका. 'जीटी ७३०' या एकाच नावाची, आतून अगदी वेगळी कार्डं कंपनीनं २०१४ साली बाजारात आणली. काहींच्या पोटात 'फर्मी' घराण्याची जुनी चिप, काहींच्या पोटात 'केप्लर' घराण्याची नवी. (ही नावं शास्त्रज्ञांची. एन्रिको फर्मी आणि योहानेस केप्लर. टेस्ला, मॅक्सवेल, पास्कल अशीही घराणी आहेत.) फर्मीवाल्यात हिशेब करणारे ९६ गाभे, केप्लरवाल्यात ३८४. खोक्यावर नाव मात्र तेच! म्हणजे एकाच नावाचे दोन पाहुणे आले, एक विजापूरचा आणि एक हैदराबादचा. तुम्ही नाव ऐकून कन्नड दुभाषा बोलावला आणि दारात उभा तेलुगू बोलणारा. दुभाषा काय म्हणणार? "मला हवा तो माणूस इथं नाही." आपल्या मित्राला दिसणारी पाटी नेमकी हेच म्हणते. आणि आपण समजतो, पाहुणाच मुका आहे!

एकाच नावाखाली दोन वेगळी पोटं विकणं मला मुळीच पसंत नाही. गिऱ्हाईक काय चिप उघडून बघणार आहे? असो.

फर्मी घराण्यासाठी नवे ड्रायव्हर काढणं कंपनीनं २०१८ साली थांबवलं. केप्लरसाठी २०२१ साली थांबवलं, पुढं काही काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. त्यामुळे आजचा ताजा ड्रायव्हर या दोघांनाही ओळखत नाही. फर्मीला ३९० च्या घरातला ड्रायव्हर लागतो, केप्लरला ४७० च्या घरातला. 'सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला' हा हिशेब इथं उलटा पडतो. शिवाय आपली विंडोज ३२ बिटची असेल तर ६४ बिटचा ड्रायव्हर बसणार नाही. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यातलं 'अबाउट' उघडा, तिथं ते लिहिलेलं असतं.

मग पाहुण्याचं खरं गाव कसं ओळखायचं? त्याच्या आधारकार्डावरून! हो, प्रत्येक कार्डाच्या आत एक क्रमांक लिहिलेला असतो. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली जे नाव असेल त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. (तिथं कार्ड नसेल तर 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळी खूण असलेला 'व्हिडिओ कंट्रोलर' शोधा. तोच बिचारा दुभाष्याची वाट बघत बसलेला असतो.)

समोर एक लांबलचक ओळ येईल. घाबरू नका, त्यातले दोनच तुकडे आपल्या कामाचे. व्ही-ई-एन या अक्षरांपुढच्या चार खुणा म्हणजे कंपनी. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. हा ८०८६ म्हणजे इंटेलच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा! डी-ई-व्ही या अक्षरांपुढच्या चार खुणा म्हणजे चिप. आपल्या मित्राला तिथं १२८७ दिसलं तर कार्ड केप्लरचं, ०एफ०२ दिसलं तर फर्मीचं. दुसरंच काही दिसलं तर तो क्रमांक कंपनीच्या नावासह जसाच्या तसा इंटरनेटवर शोधा, चिपचं नाव कळेल.

आकड्यांत अक्षरं कशी आली, असं विचाराल. हे आकडे सोळाच्या पटीतले आहेत. नऊ झाले की दहासाठी ए, अकरासाठी बी, असं करत पंधरासाठी एफ. १०डीई म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत ४३१८. कसे ते वहीत करून बघा.

क्रमांक मिळाला, आता ड्रायव्हर आणायचा. पण थांबा! याच संगणकावर बाबांचे हिशेब, घरातले फोटो असतील, तर ते आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि ड्रायव्हर फक्त कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीकडे बघा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट शोधून देतो' म्हणणारे प्रोग्राम दिसतील. त्यांच्या नादी लागू नका. दुभाषा घरात घ्यायचा म्हणजे त्याला आपलं सगळं बोलणं ऐकू येणार, बाबांचा बँकेचा पासवर्डसुद्धा. ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही लागते, ती याचसाठी. सही पटली नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ५२' दिसतो. ही तपासणी बंद करायची युक्ती कुणी सांगितली तर खुशाल नाही म्हणा.

ड्रायव्हर घालण्याआधी विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्या आणि संगणक एकदा बंद करून चालू करा. नाहीतर विंडोज मागच्या दारानं स्वतःचा ड्रायव्हर आणते, तुम्ही पुढच्या दारानं दुसरा, आणि दोघांची चेंगराचेंगरी होते. मग काम होईपर्यंत इंटरनेट काढून ठेवा. घालताना 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा, म्हणजे आधीचा अर्धवट ड्रायव्हर निघून जाईल. मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून वीज जायची वेळ टाळलेली बरी. पडदा दोनचार वेळा काळा होईल, ते चालायचंच.

आईबाबांसाठी एक आकडा. २००८ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं उघड झाली. त्यांत आदल्या वर्षी नोंदवलेल्या विंडोज व्हिस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी जवळजवळ २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाल्याचं दिसलं. बनवणाऱ्यांचेच ड्रायव्हर असे अडखळतात, तेव्हा पोरानं काहीतरी बिघडवलं म्हणून त्याला लगेच रागावू नका!

एवढं करूनही कार्ड यादीत दिसतच नसेल, तर खोकं उघडावं लागेल. घरातलं मोठं माणूस सोबत हवं, आणि वायर भिंतीतून काढलेली हवी. कार्ड स्लॉटमध्ये तिरकं बसलंय का पाहा. बाहेर काढून त्याच्या सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि सरळ दाबून बसवा. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की मदरबोर्डला, हेही बघा. मदरबोर्डला लावली असेल तर कार्ड बिचारं रिकामं बसून राहतं.

आणि योग्य ड्रायव्हर घालूनही 'कोड ४३' येत राहिला तर? म्हणजे कार्डानं स्वतःच 'मला बरं नाही' असं कळवलंय. तेव्हा ते मित्राच्या संगणकात लावून पाहा. तिथंही तेच झालं, तर दुरुस्तीवाले काका बरोबर होते असं समजायचं. पण नवीन कार्ड लगेच घेऊ नका. मदरबोर्डवर मॉनिटरची जागा असेल आणि प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल, तर जुनं कार्ड काढा, केबल तिथं लावा आणि ताईला तिचं ड्रॉइंग उघडून बघायला सांगा. फर्मीवालं जीटी ७३० काही फार मोठा पहिलवान नव्हता. त्याच्यावाचून अडेलच असं नाही.

काम झालं, की कार्डाचा क्रमांक आणि चाललेल्या ड्रायव्हरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती खोक्याच्या झाकणाला बाहेरून चिकटवा. आणि आम्हाला पत्र पाठवाल तेव्हा तुमच्या कार्डात १२८७ निघालं की ०एफ०२, ते जरूर कळवा.